'मच अडू अबाउट नथिंग' बसवतोय: क्लॉडिओ आणि हीरोचे प्रवेश कापायचे का?

मंगळवारपेठ_तालीम

नाटकवाल्यांनो, सल्ला हवाय. आमचा कोल्हापूरचा हौशी ग्रुप शेक्सपिअरचं हे नाटक मराठीत करतोय. सगळे नोकरी-दुकान सांभाळून संध्याकाळी तालमीला येतात. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हापासून आम्ही लहान सभागृहांतच प्रयोग करतो. दोन तासांत बसवायचंय, म्हणजे काटछाट आलीच.

बिआट्रिस आणि बेनेडिक ही सतत भांडणारी जोडी समोरासमोर आली की तालीम पेटते. आमची बिआट्रिस शिवाजी पेठेतली आहे, एक शब्द खाली पडू देत नाही. मग क्लॉडिओ आणि हीरो येतात (हीरो म्हणजे लिओनाटोची मुलगी, बिआट्रिसची नात्यातली बहीण) आणि सगळं थंड होतं. त्यानं पाहिली, आवडली, 'लिओनाटोला मुलगा आहे का?' म्हणून चौकशी केली. ती एकुलती वारस आहे हे कळलं, मग राजपुत्र डॉन पेद्रोनं त्याच्या वतीनं मागणी घातली. पुढे कुणी कान भरले तर हाच गडी भर लग्नात तिला नाकारतो. असलं स्थळ माझ्या भाचीला आलं तर मी दारातूनच परत पाठवीन. ग्रुपमधले दोघं म्हणतात, हे उपकथानक पाव तासात उरका. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये.

जुना_मास्तर

ताई, कापू नका. आणि ते उपकथानक नाही, घटनांचा कणा तोच आहे. खोट्या आळापायी नाकारलेल्या वधूची गोष्ट बान्देल्लोच्या इटालियन कथेत आधीपासून होती. शेक्सपिअरनं साधारण १५९८-९९ मध्ये ती घेतली आणि तिच्याशेजारी ही भांडकुदळ जोडी उभी केली. लोकांना तीच आवडते, हे जुनंच आहे. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजानं आपल्या प्रतीत नाटकाच्या नावाशेजारी या दोघांची नावं लिहून ठेवली होती.

आता मुद्द्याचं. दोन्ही जोड्यांवर एकच हत्यार चालवलंय: आडून पाहणं आणि ऐकणं. बेनेडिक झाडाआडून दोस्तांचं मुद्दाम रचलेलं बोलणं ऐकतो की बिआट्रिस त्याच्यासाठी झुरतेय, आणि विरघळतो. क्लॉडिओ रात्री लांबून हीरोच्या खिडकीत एक बाई पाहतो. ती असते दासी मार्गारेट, सोबत हा डाव रचणारा बोराकिओ. तेवढ्यावर तो होणाऱ्या बायकोला सोडतो.

आणि चौथ्या अंकातलं देऊळ पाहा (चर्च हो, पण मी वर्गात देऊळच म्हणायचो). लग्न मोडलंय, सगळे निघून गेलेत, बिआट्रिस रडतेय. बेनेडिक प्रेमाची कबुली देतो आणि ती त्याला क्लॉडिओला मारायला सांगते. तो आधी साफ नाही म्हणतो. मग एकच विचारतो: क्लॉडिओनं हीरोवर अन्याय केलाय असं तुला मनापासून वाटतं का? ती हो म्हणते. बस्स, तो आपल्याच दोस्ताला आव्हान द्यायला निघतो. पुरावा शून्य, फक्त तिचा शब्द. क्लॉडिओनं डोळ्यांवर विश्वास ठेवला, यानं माणसावर. हीरोचं दुःख प्रेक्षकांना लागलंच नसेल तर बिआट्रिसची ती मागणी आक्रस्ताळी वाटेल. तुमची लाडकी जोडी तिथं पडेल.

राजारामपुरी_७

मी कॉलेजात हीरो केलीय, म्हणून लिहिते. पहिल्या प्रवेशात तिला एकच वाक्य आहे. लग्न ठरतं त्या क्षणी क्लॉडिओशी बोलायला तिला एकही ओळ नाही, बिआट्रिसच तिला बोल म्हणते. मला लई राग यायचा. मग तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश आला. बागेत फक्त बायका आहेत आणि बेनेडिक तिच्यावर मरतो असं ऐकवून बिआट्रिसला फसवायचा डाव हीरोच चालवते. लांबलचक, धारदार बोलते, बहिणीच्या गर्वावर नेमकं बोट ठेवते. म्हणजे पोरगी मुकी नाही, पुरुषांसमोर गप्प बसायला शिकलेली आहे. अशा पोरी आपल्या घराघरात आहेत. तो प्रवेश पूर्ण ठेवा, मग देवळात ती कोसळते तेव्हा आपलं कोणीतरी कोसळल्यासारखं वाटतं. वेळ वाचवायचाय तर कोतवाल डॉगबेरीच्या पहारेकऱ्यांचं थोडं छाटा, पण बोराकिओ पकडला जातो तेवढं राहू दे.

इचलकरंजीकर

मास्तर, सगळं मान्य, पण क्लॉडिओला शेवटी हीरो परत मिळते हे मला पचत नाही. हीरो मेली असं ऐकून तो कबरीवर शोकगीत वाहतो आणि दुसऱ्या दिवशी लिओनाटोच्या 'पुतणी'शी (ती हीरोच असते) तोंडही न पाहता लग्नाला उभा राहतो. माझं मत, त्याला माफी देऊ नका.

मंगळवारपेठ_तालीम

दादा, राग कळतो, पण शेवट बदलणार नाही. उलट तुमच्याच मुद्द्यावरून वाट दिसली. पहिल्यांदा त्यानं फक्त रूप पाहून निवडली, आता चेहरा न पाहता हात धरावा लागतोय. आमच्या क्लॉडिओला तिथं घाबरायला सांगणार आहे. बुरखा निघाल्यावर हीरो स्वतः बोलते, ती ओळ तिनं त्याच्याकडे सरळ बघून, सावकाश घ्यायची.

राजारामपुरीताई, बागेतला प्रवेश अख्खा ठेवतेय. आमची हीरो करणारी मुलगी तुमचं उत्तर वाचून म्हणाली, "मॅडम, मग मला आज तोच करायचाय." मास्तर, गुरुवारी सातला तालमीला याल का? चौथा अंक तुमच्यासमोर करून बघायचाय.