घरभर गाणं वाजवायला लिरियन की नॅव्हीड्रोम?

पार्लेकर
बाबांच्या ३१० सीडी गेल्या पावसाळ्यात रिप करून, म्हणजे संगणकात फाइली म्हणून उतरवून, संपवल्या. फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या फाइल प्रकारात, जेमतेम शंभर जीबी भरल्या. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला डिस्क लावली आणि आपल्याच संग्रहातलं गाणं घरभर पुरवणारी सॉफ्टवेअर, आधी जेलीफिन, मग नॅव्हीड्रोम, शेवटी लिरियन, अशी तिन्ही वापरून पाहिली. घरात ऐकायचं असेल तर लिरियनला तोड नाही, असं माझं ठाम मत झालंय.

मुख्य कारण सिंक. आधी साध्या वायफाय स्पीकरांवर दोन खोल्यांत एकच बंदिश लावायचो, तर सम हॉलमध्ये एकदा यायची आणि स्वयंपाकघरात अर्ध्या सेकंदाने पुन्हा. आई म्हणायची, "बंद कर रे ते, गरगरतं." लिरियनमध्ये दोन्ही प्लेअर एकत्र बांधले आणि सम एकाच क्षणी पडायला लागली. शिवाय अलार्म आहे. आईच्या खोलीत रोज सहाला भूपाळी आपोआप सुरू होते, तिला फोनला हात लावावा लागत नाही.

ठाणेकर
सिंकचं मान्य. पण घरी असता किती वेळ? मी ठाण्याहून फोर्टला जातो, जाऊन-येऊन अडीच तास. माझं खरं ऐकणं लोकलमध्येच होतं. नॅव्हीड्रोमला सबसॉनिक या जोडणीच्या पद्धतीवर चालणारी फोनची ॲप जोडता येतात. रात्री घरच्या वायफायवर दोन-चार अल्बम फोनमध्ये उतरवून ठेवतो, मग सकाळी रेंज असो नसो.

आणि लिरियन म्हणजे मुळात स्क्वीझबॉक्स या संगीत प्लेअरांचं सॉफ्टवेअर. लॉजिटेकने ते प्लेअर २०१२ मध्येच बंद केले. बंद पडलेल्या वस्तूच्या भरवशावर बाबांचा संग्रह ठेवायचा?

पार्लेकर
मला तर त्याचाच भरवसा वाटतो. प्लेअर बंद झाले तरी कोड खुला होता, म्हणून वापरणाऱ्यांनी तो चालू ठेवला आणि २०२४ मध्ये लिरियन हे नाव दिलं. कपाटात पडलेल्या जुन्या पायवर पिकोअरप्लेअर हे सॉफ्टवेअर टाकलं की झाला नवा प्लेअर. स्वयंपाकघरातला माझा तसाच आहे.

गिरगावकर
दोघांनी टॅगचा, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या गायक-अल्बम वगैरे माहितीचा, विषयच काढला नाही. नॅव्हीड्रोम सगळी मांडणी टॅगवरून करतं. माझ्याकडे भीमसेनजींचे तीन कलाकार झाले: एक 'पं.' लावून, एक 'पंडित' लिहून, एक नुसतं नाव. लिरियनमध्ये सरळ फोल्डर उघडता येतात. माझे घराणं, मग गायक, मग राग असे लावलेले आहेत. डोळे मिटून सापडतं.

ठाणेकर
आणि मालकंस ऐकावासा वाटला तर? बारा गायकांचे फोल्डर उघडत बसणार? फाइल एकाच फोल्डरमध्ये राहते, टॅग मात्र हवे तितके. मी राग जॉनरमध्ये, म्हणजे गाण्याच्या प्रकाराच्या टॅगमध्ये, घातलाय. रोज रात्री जेवण झाल्यावर वीस-पंचवीस फाइली, असे चार महिने लागले. आता मालकंस म्हटलं की सगळे एकाखाली एक. उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी टॅग फाइलबरोबरच येतात, तुमची फोल्डरची रचना दुसऱ्या कुणाला कळणारही नाही.

गिरगावकर
सीडीचं ठीक आहे हो. माझ्याकडे वडिलांनी रेडिओवरून भरलेल्या कॅसेटी आहेत. निम्म्यांवर रागाचं नाव नाही, गायकाचंही नाही. एकीवर त्यांच्या अक्षरात फक्त 'रात्रीचं गाणं. फार छान' एवढंच. तिच्या जॉनरमध्ये काय घालू? म्हणून म्हणतो, फोल्डर.

ठाणेकर
हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तरी फोल्डरवर थांबू नका. त्यांचे शब्द तसेच्या तसे अल्बमचं नाव म्हणून घाला आणि कॅसेटच्या आतल्या कागदाचा फोटो काढून कव्हर म्हणून जोडा. लिरियन घ्या की नॅव्हीड्रोम, गाणं लागलं की पडद्यावर त्यांचं अक्षर दिसेल.