'शोध घेत आहोत' याला इंग्रजीत नेमकं काय? (तातडीने मदत हवी आहे)

गवतीचहा
नमस्कार. 'आम्ही त्यांचा शोध घेत आहोत' हे इंग्रजीत कसं लिहायचं? सर्च, सीक, फाइंड, लुक फॉर, ट्रेस एवढे शब्द मिळाले. कोणता बरोबर ते एका ओळीत सांगा, आज रात्री मेल पाठवायचा आहे. डिक्शनरी बघ असं सांगू नका, बघूनच आले आहे.

तिरफळ
'त्यांचा' म्हणजे कोणाचा? माणूस, कागद की चोर? त्यावर क्रियापद ठरेल.

गवतीचहा
माणूस. पणजोबा. मी 'वुई आर सर्चिंग अवर ग्रेट-ग्रँडफादर' लिहिलंय. भाऊ म्हणतो चूक आहे, पण काय चूक ते त्याला सांगता येत नाही.

शब्दवेडा
भावाचं ऐका, असं पाठवू नका. 'फॉर' नसेल तर त्याचा अर्थ 'आम्ही पणजोबांची झडती घेत आहोत' असा होतो. सर्च द हाउस म्हणजे घराची झडती, सर्च फॉर द की म्हणजे किल्लीचा शोध. पोलीस खिसे तपासतात तेव्हा नुसतं सर्च, माणूस पळाला की सर्च फॉर. आपल्याकडे झडती आणि शोध असे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत तो सगळा भार त्या एवढ्याशा 'फॉर'वर.
तीच गोष्ट फाइंड आणि फाइंड आउटची. फाइंड म्हणजे सापडणं. फाइंड आउट म्हणजे माहिती कळणं, छडा लागणं. माणसाला 'फाइंड आउट' केलं तर त्याची लबाडी उघडकीस आणली असा अर्थ निघतो, तेव्हा तेही नको.

वसईकर
एवढं कशाला? सरळ सीक लिहा. आम्ही लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आलो, 'शोधा म्हणजे तुम्हांला सापडेल'. इंग्रजीत तिथे सीकच आहे. भारदस्त शब्द आहे.

शब्दवेडा
भारदस्त आहे, पण आज त्याची जागा वेगळी. न्याय, सल्ला, आश्रय, परवानगी हे सीक करतात. साध्या पत्रात माणसासाठी वापरला तर शास्त्रवचनासारखा वाटतो.

वसईकर
वाटू दे की. पणजोबांबद्दल लिहितायत, किल्लीबद्दल नाही.

मुक्ता_पुणे
ट्रेस लिहा. मी तीस वर्षं ऑफिसात काढली, तिथे 'फाइल ट्रेस होत नाही' हेच रोज कानावर. ट्रेस म्हणजे माग. मागे काहीतरी खूण राहिली आहे आणि तिच्यावरून आपण पोचतोय, हा भाव सर्चमध्ये येत नाही.

उमेदवार९
हंटही चालतो. जॉब हंट, हाउस हंट. आणि बायोडेटात 'सीकिंग अ चॅलेंजिंग पोझिशन' हे वाक्य टाकू नका, शेकडो अर्जांत तेच असतं. त्याऐवजी काय काम केलं ते आकड्यांत लिहा.

तिरफळ
त्या नोकरी शोधत नाहीयेत.

मुक्ता_पुणे
आणि माणसाला हंट नकोच. हंट डाउन म्हणजे पाठलाग करून गाठणं, बहुतेक वेळा धरायला किंवा मारायला.

शब्दवेडा
मागाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. क्लू हा शब्द मुळात सुताचा गुंडा. ग्रीक कथेत थिसियस क्रीटच्या भूलभुलय्यात शिरतो आणि परतीची वाट चुकू नये म्हणून सूत सोडत जातो, तेच ते सूत. वाइल्ड गूज चेस म्हणजे व्यर्थ पाठलाग, त्यात तर सुरुवातीला बदक-हंस कोणी नव्हतंच, ती घोड्यांची शर्यत होती. पुढचा घोडा जाईल तिकडे बाकीच्यांनी ठरावीक अंतर राखून मागे जायचं, उडत्या हंसांच्या रांगेसारखं. नाव त्यावरून पडलं.

तिरफळ
छान आहे, पण त्या ताईंचा मेल राहिला. पणजोबा कधीपासून बेपत्ता आहेत? पोलिसांत तक्रार केलीत का? मेल कोणाला आहे?

गवतीचहा
पोलिसांत कशी करणार? १९१६ पासून! पणजोबा म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं. ते ११७ व्या मराठा पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले, तिथल्या कूत गावापर्यंत होते एवढं घरात माहीत आहे, परत आले नाहीत. मेल इंग्लंडला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनला आहे, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी ठेवणारी संस्था.
माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. तिथी माहीत नाही म्हणून आमच्याकडे त्यांचं श्राद्ध कायम सर्वपित्रीला झालं. आजोबा दर वर्षी पिंडाला हात लावताना म्हणायचे, बापाची तिथी कळली असती तर बरं झालं असतं. आता वडील म्हणतात. त्यांच्या हयातीत हे व्हायला हवं.

शब्दवेडा
हे आधी सांगितलं असतंत तर मी सुतागुंड्यात शिरलो नसतो. तुम्हाला पणजोबा शोधायचे नाहीत, त्यांची तारीख हवी आहे. मग दोन क्रियापदं लागतील. नोंदीसाठी ट्रेस, इथे मुक्ताताईंचं बरोबर. तारखेसाठी फाइंड आउट, कारण ती माहिती आहे, माणूस नाही. 'वुई आर ट्राइंग टु ट्रेस द रेकॉर्ड ऑफ अवर ग्रेट-ग्रँडफादर अँड टु फाइंड आउट द डेट ऑफ हिज डेथ.' बस, एवढंच.

कंदीपेढा
ताई, वाक्य झालं, पण सैनिक क्रमांक आहे का? मी पलटणीतच होतो, आता साताऱ्यात असतो. पलटणीत एकाच नावाचे चार-चार जवान असतात, नुसत्या नावावर माग लागत नाही.
कूतला तुर्कांचा वेढा होता, ते २९ एप्रिल १९१६ ला पडलं आणि पुणे डिव्हिजन कैदेत गेली, तुमच्या पणजोबांची पलटण त्यातच होती. तुमचे पणजोबा वेढ्यात वारले की नंतर कैदेत, हे तारखेवरूनच कळेल. ज्यांची कबर माहीत नाही असे ४०,००० हून जास्त जण इराकमधल्या बसरा स्मारकावर धरलेत, त्यात आपली खूप माणसं आहेत. कमिशनच्या वेबसाइटवर शोधपेटी आहे, मेलची वाट न बघता आधी तिथे बघा. आडनावाची स्पेलिंगं फिरवून बघा, शेवटी ए घालून, काढून, व्हीच्या जागी डब्ल्यू करून. बहुतेक नोंदींत तारीख असते.

गवतीचहा
क्रमांक नाही. कागद एकही नाही. एक मेडल आहे, चांदीचं, राजाचा चेहरा असलेलं. देवघरात असतं.

कंदीपेढा
मग क्रमांक तुमच्या देवघरातच आहे. मेडल आडवं धरा आणि कडेवर बघा, चेहऱ्याच्या बाजूला नाही. त्या चांदीच्या मेडलांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेलं असतं. चिंच, राख, पितांबरी काहीही लावू नका, अक्षरं झिजतात. तिरका उजेड टाका.

वसईकर
देव करो आणि सापडो. सीक नाही तर नाही.

गवतीचहा
अक्षरं आहेत! एवढी वर्षं त्यावर हळदकुंकू वाहिलं, कडेला कोणी बघितलंच नाही. शेवटी '११७' आणि 'मराठाज' स्वच्छ वाचता येतंय. नाव तेच आहे, फक्त मधे एक जास्तीचा ओ घातलाय. क्रमांक चार आकडी, पहिले तीन दिसतात, शेवटचा ३ आहे की ८ ते कळत नाही. भाऊ मोबाइलचा टॉर्च धरून बसलाय. बाबाही उठून आलेत.

कंदीपेढा
फोटो टाका, नाव झाकून. दोन्ही क्रमांक घालून बघू. मेल तोवर थांबवा.