मदत हवी आहे: काराबाखचा निर्णय ५ जुलै १९२१ ला का फिरला?

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनमंडळात नागोर्नो-काराबाखवर (आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातल्या वादाचा डोंगराळ प्रदेश) अर्धा तास बोलायचंय. १९८८ नंतरचा भाग जुळलाय: १९९४ ची युद्धबंदी, २०२० चं ४४ दिवसांचं युद्ध, काराबाखला आर्मेनियाशी जोडणाऱ्या लाचिन मार्गाची कोंडी आणि सप्टेंबर २०२३ मध्ये काही दिवसांत घरदार सोडून निघालेले लाखभर आर्मेनियन. (पुण्यात विकसित झालेली पिनाका ही रॉकेट प्रणाली आर्मेनियाने घेतली, तेही सांगणार आहे.)

अडलंय ते १९२१ पाशी. बोल्शेविकांच्या (रशियन कम्युनिस्टांच्या) कॉकेशस ब्यूरोने, म्हणजे पक्षाच्या तिथल्या प्रादेशिक समितीने, ४ जुलैला काराबाख आर्मेनियाला द्यायचं ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी निर्णय फिरवून, स्वायत्तता देऊन, ते अझरबैजानकडेच ठेवलं. बहुतेक लेख 'स्टालिनने केलं' म्हणून मोकळे होतात. तो तिथे होता हे खरं, पण मग सोव्हिएत अझरबैजानचा नेता नरिमानोव याचा विरोध, अझरबैजानची राजधानी बाकूचं तेल, त्याच वर्षी मार्चमध्ये तुर्कस्तानशी झालेला मॉस्को करार, यांचं काय?

दोन्ही बाजूंचं इंग्रजीत वाचलं. जो तो आपल्या सोयीचं तेवढंच वाक्य उचलतो, आणि लोकांची घरं गेलेल्या विषयावर अर्धवट बोलायला मन धजत नाही. रशियन मला येत नाही.

या दोन्ही दिवसांच्या ठरावांचा पूर्ण अनुवाद इंग्रजी, हिंदी किंवा मराठीत कुठे मिळेल?