सातव्या नंबरचं पाप पुण्याच्या माथी मारायचं का?

कोथरूडचा_रोव्हर
संपला एकदाचा २०२४-२५ चा सीझन. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, ब्लॅकबर्न रोव्हर्स ६६ पॉइंट्स, सातवे. सहाव्या, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये जायच्या प्लेऑफमधली शेवटची जागा मिळवलेल्या ब्रिस्टल सिटीचे ६८. शेवटच्या दिवशी शेफील्ड युनायटेडकडे १-१, ती जिंकली असती तर ६८ ला ६८ झाले असते. २०२३ ला पण सातवेच होतो, तेव्हा तर सहाव्या संडरलंडइतकेच ६९ पॉइंट्स होते आणि गोल डिफरन्सवर गेलं. दर वेळी चार बोटं कमी.

पण माझा मुद्दा १-१ चा नाहीये. फेब्रुवारीच्या मध्यात टीम पाचवी होती आणि त्याच आठवड्यात मॅनेजर जॉन युस्टेस टीम सोडून डर्बी काउंटीला गेला, जी तेव्हा रेलिगेशन झोनमध्ये होती. पाचव्या नंबरवरून खाली बुडणाऱ्या टीमकडे माणूस स्वतःच्या पायानं जातो म्हणजे घरात काय चाललंय याचा विचार करा. जानेवारीत प्रमोशनसाठी जोर लावायचा सोडून लोनवर आणि स्वस्तात मिळतील ते प्लेअर आणले, डेनिस, वुडरो, सँडरसन वगैरे. मालक वेंकीज, म्हणजे आपल्या पुण्याचे पोल्ट्रीवाले राव कुटुंबीय, नोव्हेंबर २०१० पासून. माझं म्हणणं स्पष्ट आहे, प्लेऑफ मे मध्ये शेफील्डला नाही हुकली, जानेवारीत पुण्यात हुकली. पटत नसेल त्यांनी मुद्द्यावर बोला, कोंबडीचे जोक मारून झालेत सगळे.

हिशेबनीस
कोंबडीचा जोक नाही मारत, हिशेब सांगतो. चॅम्पियनशिपमधले बहुतेक क्लब तोट्यात चालतात, पगारच कमाईच्या आसपास किंवा वर जातात, तो खड्डा मालक भरतो. वेंकीजनी क्लब घेतला २३ मिलियन पाउंडला आणि नंतर त्यात २०० मिलियनच्या वर ओतलेत. आता ब्लॅकबर्नच्या आजूबाजूला नजर टाका, बरी २०१९ ला लीगमधून हाकललं, बोल्टन त्याच वर्षी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीत, विगन २०२०. आणि युस्टेस जिकडे गेला ती डर्बी, तिचे २१ पॉइंट्स कापले होते २०२१-२२ ला आणि खाली गेली. शेफील्ड वेन्सडेच्या प्लेअर्सचे मार्चचे पगार लटकले याच सीझनला. रोव्हर्सचा पगार कधी बुडाला का? सातवा नंबर हा प्रॉब्लेम असणं ही पण एक श्रीमंतीच आहे.

कोथरूडचा_रोव्हर
@हिशेबनीस पैसे टाकले हे कोण नाकारतंय. पण पैसे टाकणं आणि क्लब चालवणं यात फरक आहे ना. बेन ब्रेरटन डियाझ, २०२१-२२ ला लीगमध्ये २२ गोल, २०२३ ला करार संपला आणि फुकट गेला व्हियारेआलला. त्याच्या आदल्या वर्षी लेनिहान, रॉथवेल, न्याम्बे, तिघं फुकट. डोलनचा करार पण जून २०२५ ला संपणारा. एका हातानं मिलियन ओतायचे आणि दुसऱ्या हातानं विकता येणारा माल गेटवर फुकट वाटायचा, हा कुठला धंदा? पोल्ट्रीत असं केलं असतं का यांनी?

आणि जे विकले ते कोण बघा. अ‍ॅडम व्हार्टन, आपल्याच अ‍ॅकॅडमीतला पोरगा, फेब्रुवारी २०२४ ला क्रिस्टल पॅलेसला, आणि उन्हाळ्यात इंग्लंडच्या युरोच्या टीममध्ये. सॅमी स्मॉडिक्स, २७ गोल, त्या सीझनचा लीगचा टॉप स्कोअरर, शेवटच्या दिवशी लेस्टरला दोन गोल मारून त्यानंच टीम खाली जाण्यापासून वाचवली, तीन-चार महिन्यांत इप्सविचला. एवढं विकूनही युस्टेसनं पाचव्या नंबरला आणलेली टीम होती ही!

ठाण्याचा_लेफ्टबॅक
युस्टेसला संत करू नका बरं का. डर्बीकडून खेळलेला माणूस आहे तो, जुना क्लब, लांबचा करार, उठला आणि गेला. ड्रेसिंग रूममध्ये २५ पोरं बसली होती ना, त्यांचं काय? मालक वाईट म्हणून मॅनेजर आपोआप चांगला होत नाही.

आणि तुम्ही लोक सगळे इस्माएलला विसरलात. नवा मॅनेजर व्हॅलेरियन इस्माएल आला आणि पहिला महिना जिंकणंच विसरलो, डर्बीनं पण हरवलं म्हणजे युस्टेसनंच, ती मॅच बघवत नव्हती. मग एप्रिलमध्ये सलग चार जिंकल्या, मिलवॉलला ४-१, सगळे परत जागे झाले. म्हणजे तेच प्लेअर, तेच मालक, तोच जानेवारीचा माल, आणि एका महिन्यात शून्य आणि दुसऱ्या महिन्यात फुल मार्क. मला सांगा हे पुण्यातून कसं ठरलं? मार्चमध्ये दोन मॅच जरी काढल्या असत्या तरी आत्ता आपण प्लेऑफचं बोलत असतो. ज्या माणसाला आधी बॅक फोर नीट बसवून मग प्रेस करायला शिकवायला हवं होतं त्यानं आल्या आल्या सगळं वर ढकललं, हे माझं मत, सामने पाहून.

कोथरूडचा_रोव्हर
@ठाण्याचा_लेफ्टबॅक मार्च का झाला? कारण फेब्रुवारीत मॅनेजर गेला. फेब्रुवारी का झाला? फिरून तिथंच येतोय आपण.

ठाण्याचा_लेफ्टबॅक
असं मागे जात राहिलास तर १८७५ पर्यंत जाशील भावा, क्लब स्थापनाच चुकली म्हणशील.

बोल्टनकर
मी गेली काही वर्षं बोल्टनला असतो, रोव्हर्सच्या मैदानावर, इवूड पार्कला, अधूनमधून जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं टोचेल असं लिहितो.

हिशेबनीस, तुमचं बोल्टन-बरीचं उदाहरण खरं आहे, इथं लोकांना ते माहीत आहे, माझ्या ऑफिसातले बोल्टनवाले ब्लॅकबर्नवाल्यांना म्हणतात तुम्हाला रडायला कारण तरी काय. पण ३१ हजारांचं स्टेडियम, ज्यांनी १९९५ ला प्रीमियर लीग जिंकली, शिअररचे ३४ गोल, जॅक वॉकरच्या पोलादाच्या पैशावर उभं राहिलेलं सगळं, आणि आता जवळजवळ अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. वॉकर गावातला माणूस होता, स्टँडला नाव आहे त्याचं. मालक मॅचला दिसलेच नाहीत तर राग कुणावर काढायचा हा पण प्रश्न असतो, मग तो कोचवर निघतो, रेफ्रीवर निघतो, कधी आपल्यासारख्या ब्राऊन चेहऱ्याला विचारतात तुम्ही ओळखता का हो त्यांना. मी म्हणतो मी नाशिकचा.

आणि कोर्टाचं कोणी बोलत नाहीये. ईडीच्या चौकशीमुळे पैसे इंग्लंडला पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी लागायला लागली, तिथून २०२३-२४ मध्ये सगळंच आखडलं. व्हार्टन विकला गेला त्याच काळात. ती परिस्थिती मालकांनी मजेत ओढवून घेतलेली नाही, पण क्लबला विकत घ्यायला गिऱ्हाईक शोधण्याची घाई पण कुठे दिसली नाही.

हिशेबनीस
@बोल्टनकर धन्यवाद, कोर्टाचा मुद्दा माझ्याच बाजूनं जातो. बाहेर पैसा पाठवता येत नाही तर जानेवारीत कुठून आणणार स्ट्रायकर? आणि ते लुइस ओब्रायनचं २०२३ चं, डंकन मॅग्वायरचं २०२४ चं, शेवटच्या दिवशी कागदपत्रं फसून दोन्ही ट्रान्सफर गेले, ते कागद पुण्यात नव्हते अडकले, ब्लॅकबर्नच्या ऑफिसात अडकले होते. ओब्रायन आला असता तर २०२३ चा गोल डिफरन्स पण आपल्याकडे असता कदाचित.

अजून एक. लीड्स १०० पॉइंट्स, बर्नली १००, शेफील्ड युनायटेड ९०. तिघंही प्रीमियर लीगमधून खाली आलेले, तिघांच्या खिशात पॅराशूटचे पैसे. खाली आल्यावर पहिल्या वर्षी वरच्या टीव्ही हिश्श्याचे ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५. त्यांच्याशी रोव्हर्सनं कशानं लढायचं, जिद्दीनं?

शाहू_स्टेडियमचा_पब्लिक
काय राव पॅराशूट पॅराशूट. ल्युटनला पण पॅराशूटच होतं की, सलग दुसऱ्या वर्षी खाली गेलं, लीग वनला, म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनला. आणि बर्नलीचं नाव घेताना जरा लाज बाळगा, शेजारचा दुश्मन आहे तो, दहा-बारा मैलांवर, ४६ मॅचमध्ये फक्त १६ गोल खाल्ले आणि वर गेला, आणि आपण बसलोय कागद कुठं अडकला ते शोधत. आमच्याकडं कोल्हापुरात पाटाकडील विरुद्ध शिवाजी मॅच असतीय तेव्हा पेठेतली माणसं हरल्यावर आठ दिवस तोंड दाखवत नाहीत, मालक म्हणजे कोण ते सगळ्या पेठेला ठाऊक असतंय. तिकडं पुण्यातनं रिमोटनं क्लब चालवायचा म्हणजे लईच झालं.

बाकी २०११ ला बालेवाडीत रोव्हर्स पुणे एफसीशी खेळलेली, ३-० जिंकलेली, तेव्हा आलतो आम्ही कोल्हापूरनं गाडी करून. तेव्हा वाटलंवतं आता आपल्याकडची पोरं तिकडं अ‍ॅकॅडमीत जातील, निदान एखादा कोच इकडं येईल. काय झालं? प्लेअर चिकन खातानाची जाहिरात आली.

कोथरूडचा_रोव्हर
@शाहू_स्टेडियमचा_पब्लिक हेच! पुण्यात राहून मला या क्लबबद्दल फुकटचा अभिमान वाटायचा आधी, त्या बालेवाडीच्या मॅचला मी पण होतो. पुढच्या मे मध्ये विगनशी घरी हरून टीम खाली आली, मैदानात कोणीतरी झेंडा गुंडाळलेली कोंबडी सोडली. मग एकाच सीझनला केन, बर्ग, अ‍ॅपलटन, मॅनेजर येतायत नि जातायत, बर्ग तर ५७ दिवस. २०१७ ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. मॅनेजर मोब्रेनं एका वर्षात वर आणलं हे त्याचं श्रेय.

@हिशेबनीस कोर्टाचं २०२३ चं आहे, फुकट गेलेले लेनिहान वगैरे २०२२ चे आहेत. तारखा जुळवून बघ.

हिशेबनीस
२०२२ ला कोविडमधून बाहेर पडत होते सगळे क्लब, तेव्हा डिफेंडरला वाढीव पगार देणं हा शहाणपणा नव्हता. आणि मोब्रेचं श्रेय मोब्रेला, मग खाली गेल्यावर सुद्धा त्याला पाच वर्षं ठेवणाऱ्या मालकाला काहीच नाही? चॅम्पियनशिपमध्ये पाच वर्षं एक मॅनेजर ठेवणारे मालक दाखव.

ठाण्याचा_लेफ्टबॅक
हा पॉइंट आहे पण.

बोल्टनकर
मेच्या शेवटी हा धागा वर काढतोय, दोन गोष्टींसाठी.

एक, संडरलंड वर गेलं. वेम्बलीत शेफील्ड युनायटेडला २-१, ९० मिनिटांनंतरच्या इंज्युरी टाइममध्ये टॉमी वॉटसनचा गोल, पोरगा १९ वर्षांचा, त्यांच्याच अ‍ॅकॅडमीतला. सीझनला ७६ पॉइंट्स, पॅराशूट नाही, तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होते. हिशेबनीसांनी यावर जरूर बोलावं.

दोन, रोव्हर्सच्या बायकांच्या टीमनं वरून दुसऱ्या लीगमधून माघार घेतली. नवीन नियमांप्रमाणे जो खर्च करावा लागणार होता तो करायचा नाही म्हणून. मैदानावर हरून नाही. पुरुषांच्या टीमच्या खर्चापुढे ती रक्कम किती असेल तुम्हीच अंदाज लावा.

हिशेबनीस
बायकांच्या टीमचं वाईट झालं, त्याचा बचाव माझ्याकडे नाही. संडरलंडचं म्हणाल तर त्यांच्याकडे घरच्या मॅचला चाळीस हजार माणूस येतो, त्याची तिकिटं धरा आणि मग बोला. आणि सगळे म्हणता विका विका. घेणार कोण ते सांगा, अमेरिकन फंड? तो सहा महिन्यांत अ‍ॅकॅडमी गहाण टाकेल.

कोथरूडचा_रोव्हर
प्रॅक्टिसची जागा विकायचा प्लॅन २०२१ ला याच मालकांचा होता, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून बारगळला. फंडाला कशाला भिता.