'पाचारण' फक्त झगा घालणाऱ्यांनाच येतं का?

शरणपूररोड (धागाकर्ता)
रविवारी आमच्या मंडळीत भाच्याने साक्ष दिली. सातपूरला सीएनसी मशीनवर आहे, पगार बरा आहे. म्हणाला, "मला प्रभूचं पाचारण आलंय, नोकरी सोडून पूर्णवेळ सेवा करणार." टाळ्या पडल्या. त्याचा बाप, म्हणजे माझे दाजी, मागच्या बाकावर बसले होते. तीस वर्षं रात्रपाळीत गाड्यांची इंजिनं उघडली, त्यावर चार पोरं शिकवली. त्यांच्यासाठी कधी कुणी टाळी वाजवल्याचं मला आठवत नाही. मग दाजींनी आयुष्यभर केली ती काय अर्धवेळ सेवा?

माझं म्हणणं असं की पाचारण हा शब्द आपण पाळक, फादर, सिस्टर यांच्या नावावर करून टाकलाय, आणि बायबलच्या पहिल्याच पानाला ते मान्य नाही. उत्पत्तीत देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला, नर आणि नारी दोन्ही. त्या काळात मिसर-बाबेलकडे देवाचं प्रतिरूप म्हणवून घ्यायचा मान राजाचा. इथे तो सरसकट सगळ्यांना दिलाय. पुढच्या अध्यायात माणसाला बागेत कशाला ठेवलं? मशागत आणि राखण करायला. मूळ हिब्रूतली हीच दोन क्रियापदं गणना या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लेव्यांच्या, म्हणजे देवाच्या सेवेला नेमलेल्या वंशाच्या, निवासमंडपातल्या (तंबूच्या मंदिरातल्या) सेवेसाठी आलीत. म्हणजे कुदळ मारणं आणि वेदीजवळ उभं राहणं, दोन्हीला शब्द तेच. मठवाल्यांसाठी राखून ठेवलेला पाचारणाचा शब्द धर्मसुधारक लूथरनेही सोळाव्या शतकात चांभाराच्या आणि मोलकरणीच्या कामाला लावला. आपण तो परत कपाटात ठेवला.

नाशिकरोडची_मावशी
दादा, टाळ्या तुमच्या मंडळीत पडतात, आमच्याकडे मिस्सात नाही, त्यामुळे तो राग आमच्यावर काढू नका. पवित्रतेचं पाचारण सर्वांना आहे हे व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्येच लिहून ठेवलंय. पण सर्वांना आहे म्हणजे सगळ्यांचं सारखंच आहे असं नाही. माझी धाकटी बहीण धर्मभगिनी आहे. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं, आईच्या शेवटच्या दिवसांत तिला चार दिवस मिळाले. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला रांग लागते तेव्हा पापनिवेदन ऐकायला कुणीतरी सगळं सोडून आलेलं असतं म्हणून ते होतं. "सगळेच सेवक" म्हणायला सोपं आहे, सोडणारा मात्र एखादाच असतो.

निफाडचा_बागायतदार
मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. सावता माळ्याला मळा सोडून पंढरपूरला जावं लागलं नाही, विठ्ठल मळ्यात आला, हे लहानपणापासून ऐकलंय. त्यामुळे धागाकर्त्याचं पटलं. तुमच्या पुस्तकात द्राक्षवेलाचा दाखला आहे म्हणे, फळ देणारा फाटा बाप छाटतो. ज्याने लिहिलं त्याने गोडी छाटणी जवळून पाहिलेली असणार. बाकी मशागत आणि राखण देवाने सांगितली, भाव मात्र व्यापारी सांगतो.

येवला_१९३५
गोड गोड चाललंय म्हणून विचारतो. करिंथकरांस पहिलं पत्र, सातवा अध्याय, विसावं वचन: ज्याला ज्या स्थितीत पाचारण झालं त्याने त्यातच राहावं. हे आम्ही आधी कुठेतरी ऐकलंय. ज्याला जे काम नेमून दिलं ते त्याने करावं, मेलेलं ढोर ओढणाऱ्याने ढोर ओढावं. काळारामाच्या दारात 1930 पासून पाच वर्षं याच विरोधात माणसं उभी राहिली आणि शेवटी बाबासाहेबांनी येवल्यात काय जाहीर केलं ते सर्वांना माहीत आहे. मेकॅनिकला "तुझं इंजिन हीच देवाची सेवा" म्हटलं की त्याचा ओव्हरटाइम बुडवायला मालक मोकळा.

शरणपूररोड
हा फटका बसला, खरं सांगतो. पण लगेच पुढचं वचन वाचा. दासाला तिथे सांगितलंय की तुला मोकळं होता येत असेल तर ती संधी घे. पाचारण मिळतं ते माणसाला, त्याच्या जातीच्या धंद्याला नाही. आमच्या नाशिकच्या शरणपूरचंच बघा. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनच्या शाळेत शिकली. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टनच्या तुकडीत गेला. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर साथीदारांनी त्याचं शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत चालत नेलं. पुढे शवासोबत जेकब इंग्लंडला गेला आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. ज्याला विकायला काढलं होतं, तो.

येवला_१९३५
आणि त्या मोठ्या बाप्यांना इंग्रज म्हणत काय होते? 'नासिक बॉईज'. प्रतिरूप कागदावर राजाचं, हाक मात्र पोऱ्याची.

वचनावर_बोला
धागाकर्ते, तुम्ही उत्पत्तीचे दोन अध्याय वाचून पुस्तक मिटलंत. तिसऱ्यात पतन आहे, माणूस पापात पडला. प्रतिरूप डागाळलं. त्यानंतरचं पहिलं पाचारण कामाचं नाही, "तू कोठे आहेस?" या हाकेचं आहे. रोमकरांसच्या आठव्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे: बोलावलं, नीतिमान ठरवलं, गौरव दिला. इंजिन नीट जोडणारा नास्तिकही असतो. त्यालाही पाचारण म्हणायचं तर वधस्तंभाची गरजच काय उरली?

शरणपूररोड
गरज उरते, कारण बिघडलेलं प्रतिरूप दुरुस्त व्हायचं आहे. पण दुरुस्त करून माणसाला कुठे ठेवायचं? परत बागेतच ना? पौल कलस्सैकरांना लिहितो की जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. "जे काही" म्हणतो, फक्त उपदेश नाही.

येवला_१९३५
आधीचं वचन बघा. ते वाक्य दासांनाच उद्देशून आहे.

शरणपूररोड
आहे. यावर माझ्याकडे लगेच उत्तर नाही.

जलालपूरची_लेक
सगळे ग्रीक-हिब्रू काढताय, मी गावातलं सांगते. रेव्हरंड टिळकांची लक्ष्मीबाई आमच्या जलालपूरची. टिळकांना हाक ऐकू आली, 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ही बाई पाच वर्षं नातेवाइकांकडे, जिवंत नवऱ्याची बायको असून नसल्यासारखी. पुढे तिने स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला बाप्तिस्मा घेतला, आणि मग त्या दिवसांबद्दल हसत हसत असं लिहिलं की वाचताना घशात अडकतं. टिळक मोठे होतेच. पण हाक एकाला येते आणि सामान दुसऱ्याला बांधावं लागतं. तुमच्या भाच्याचं लग्न झालंय का? बायकोला विचारलं कुणी?

वचनावर_बोला
देवाची हाक आल्यावर मतदान घेत नाहीत.

नाशिकरोडची_मावशी
आमच्याकडे घेतात हो. व्रत घ्यायच्या आधी वर्षानुवर्षं पारखतात, मुलीला परत घरी जायची मुभा असते. एका रविवारच्या साक्षीवर कुणी राजीनामा देत नाही.

शरणपूररोड
झालंय. सून सातव्या महिन्यात आहे. आम्ही कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही. रात्री फोन करतो.

शरणपूररोड
केला. ती म्हणाली, "मामा, मला अडवायचं नाहीये. फक्त बाळंतपण होईपर्यंत कंपनीचं ईएसआयसी कार्ड, कामगार विम्याचं, चालू राहू दे, एवढं त्यांना सांगा." सांगितलं. भाचा म्हणतो प्रार्थना करून कळवतो. दाजी म्हणाले, तोवर कामावरची पाळी चुकवू नकोस.