छातीत दुखतंय: पहिली तपासणी सीटी अँजिओ की ट्रेडमिल?

(सीटी अँजिओ: शिरेतून डाय, म्हणजे चित्रात उठून दिसणारं द्रव्य, सोडून काढलेलं हृदयाच्या रक्तनळ्यांचं सीटी चित्र. ट्रेडमिल: पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी. गॅन्ट्री, कॅथलॅब, गेटिंग ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

गॅन्ट्री: ट्रेडमिलचा हट्ट सोडा. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय का, एवढंच ती सांगते. नळीच्या भिंतीत साचलेला पण प्रवाह न अडवणारा थर तिला दिसतच नाही, सीटीत दिसतो. स्कॉट-हार्ट अभ्यासात (४,१४६ रुग्ण) नेहमीच्या उपचारांना सीटीची जोड दिल्यावर ५ वर्षांतले हृदयविकाराचे मृत्यू व झटके ३.९ वरून २.३ टक्क्यांवर आले.

कॅथलॅब: आणि २०१५ चा प्रॉमिस अभ्यास सोयीस्कर विसरलात? १०,००३ रुग्ण, सीटी विरुद्ध स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलसारखी, हृदयावर ताण देऊन केलेली तपासणी), साधारण २ वर्षांत फरक शून्य. स्कॉट-हार्टमध्ये तर दोन्ही गटांतल्या बहुतेकांची ट्रेडमिल झालीच होती!

गॅन्ट्री: मान्य. फायदा चित्राचा नाही, थर दिसल्यावर सुरू झालेल्या स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध). पण ट्रेडमिल नॉर्मल आली की ते स्टॅटिन कोण लिहितं?

कॅथलॅब: बरं, पण सत्तरीतल्या मधुमेही माणसाचं काय? नळीच्या भिंतीत साचलेलं कॅल्शियम चित्रात फुगून दिसतं, ४० टक्के अरुंद नळी ७० टक्के वाटते, आणि माणूस विनाकारण कॅथलॅबच्या (नळी घालून अँजिओग्राफी करण्याच्या खोलीच्या) टेबलावर. ३ मिमीपेक्षा लहान स्टेंटच्या आतलं तर वाचूच नये.

गेटिंग: दोघंही तयारीबद्दल गप्प. निम्मे वाद तिथेच मिटतील. नाडी ६० च्या आसपास हवी; दमा किंवा हार्ट ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशाचा अडथळा) नसेल तर तासभर आधी नाडी मंदावणारं मेटोप्रोलॉल. स्कॅनच्या तोंडावर जिभेखाली नायट्रोग्लिसरीन, म्हणजे नळ्या रुंदावतात. त्याआधी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलंय का हे विचारायलाच हवं, रक्तदाब धोकादायक कोसळतो. कोपराच्या शिरेत १८ गेजची जाड सुई, कारण डाय सेकंदाला ५-६ मिली जातो. मनगटाजवळच्या बारीक शिरेला हा दाब झेपत नाही, डाय बाहेर झिरपतो. श्वास रोखण्याची तालीम आधीच घ्या. नाडी ८० वर आणि अनियमित असेल तर उजव्या कोरोनरीच्या (हृदयाच्या उजव्या रक्तनळीच्या) मधल्या भागात पायऱ्या, म्हणजे तुटक कडा, दिसतात, आणि अहवालात त्याच ‘ब्लॉक’ होतात.

कॅथलॅब: हे पटलं. मग आधी बिनडायचा कॅल्शियम स्कोअर (नळ्यांतल्या कॅल्शियमचं सीटीवरचं मोजमाप) काढा. ४०० च्या वर गेला तर सीटी अँजिओ सोडून परफ्युजन स्कॅन (हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोचतं याचं चित्र).

गॅन्ट्री: चालेल, पण उलट दिशेने नको. चाळिशीतला धूम्रपान करणारा, छातीत दुखतंय, स्कोअर ० आला म्हणून घरी पाठवायचा नाही. मऊ थरात कॅल्शियम नसतं.