मदत हवी आहे: छोट्या शाळेच्या वसंतातल्या उपक्रमांसाठी स्वयंसेवक कसे जोडावेत?

नमस्कार मंडळी,

आमची शाळा अगदी लहान आहे, सगळी मिळून साठेक मुलं. यंदा वसंतातल्या उपक्रमांची जबाबदारी पालक म्हणून मी घेतली आहे. 22 एप्रिलला वसुंधरा दिन (1970 पासून पाळला जातो) आणि लगेच 23 तारखेला जागतिक पुस्तक दिन. त्यामुळे बाग आणि पुस्तकांची अदलाबदल असं दोन्ही लागोपाठ करायचं ठरलंय.

अडचण माणसांची आहे. दरवेळी तेच चार-पाच पालक राबतात आणि दमतात. बाकीच्यांना इच्छा नसते असं मला अजिबात वाटत नाही. "मदतीला या" एवढंच म्हटलं की नेमकं काय आणि किती वेळ, ते कळत नाही आणि माणूस मागे राहतो. म्हणून यावेळी अर्ध्या-एक तासाची कामं लिहून काढतेय: पुस्तकं वर्गवार लावणं, रोपांना पाणी, फोटो. पाळीची नोकरी असणाऱ्यांना घरून करता येण्यासारखं काय देता येईल? आजी-आजोबांना कसं बोलवावं?

बागेचंही विचारायचंय. झेंडूचं बी आठवड्याभरात उगवतं, पण फुलायला दीड-दोन महिने लागतात. तोवर सुट्टी लागते! सुट्टीत पाणी घालायची पाळी तुम्ही कशी लावता?

आणखी एक. मुलांसोबत कुठलाही मोठा माणूस एकटा नसावा, कायम दोघं असावेत, हा नियम मला हवाच आहे. कोणी न दुखावता तो कसा सांगितलात?

अनुभव असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.